धावून जाणाऱ्यालाही आधार हवा

९ मे २०१५ रोजी मुंबईत गिरगावलगतच्या काळबादेवीत गोकुळ निवास इमारतीला आग लागली. त्यात अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले. अशा प्रसंगातून वाचलेल्या जवानाला पुन्हा ड्युटीवर जावेच लागते. पण झोप उडते, चिडचीड वाढते, कुणी बाटली जवळ करतो.

आपल्याकडे दरड कोसळली, कुणी विहिरीत बुडाले, की आधी धावतात पोलीस पाटील, कोतवाल आणि गावची पोरे. ‘मर्दासारखा राहा’ म्हणून त्यांना गप्प करू नका. तेच काम केलेल्या सोबत्याने शेजारी बसावे, ऐकावे. खोदून विचारू नये. महिनाभरात फरक पडला नाही, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार डॉक्टरांना दाखवावे. सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. दमल्या बैलाचे जू आपण उतरवतोच ना? सरपंचांनी हा विषय ग्रामसभेत जरूर घ्यावा.