ज्वारीच्या पंगतीतले पाहुणे

सोलापूरहून अक्कलकोटला निघालेल्या यात्रेकरूचे मन स्वामींच्या दर्शनाकडे लागलेले असते. चाळीसेक किलोमीटरच्या त्या वाटेवर तारांवर रांगेने बसलेली पाखरे त्याला दिसतात, नाही असे नाही. पण त्याच्या लेखी त्या सगळ्या चिमण्याच! जरा थांबून पाहिले तर कळते, की यांतले कोणी घरचे आहे, तर कोणी थेट इराणहून आलेला पाहुणा आहे. या सर्वांना एका पंगतीला बसवणारी यजमानीण मात्र एकच, आमची ज्वारी.

जाड, निमुळत्या चोचीने दाणा फोडून खाणाऱ्या एका पक्षिकुळाला इंग्रज ‘फिंच’ म्हणतात. तिकडचे हौशी लोक आपापल्या परगण्यात कोणता फिंच कोणत्या ऋतूत दिसतो याची वही ठेवतात. त्या कुळातला आमच्या पठारावर येणारा पाहुणा म्हणजे रोझफिंच. पण दाणे टिपणारी इतर कुळे येथे एवढी नांदतात, की आपलीही वही सहज भरावी.

वहीचे पहिले पान पावसाळ्याचे. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबू लागतात. नाव सुगरणीचे, पण विणकाम सारे नराचे! पिवळी टोपी मिरवीत तो अर्धा खोपा विणतो; मादी येऊन तो तपासते आणि पसंत पडला तरच संसार मांडते. पसंती मिळताच हे महाशय दुसरा खोपा विणायला मोकळे! पावसाळा सरला की त्यांची पिवळी टोपी उतरते आणि नर कोणता, मादी कोणती, हे ओळखणेही कठीण होते. सुगरणीने सोडलेल्या खोप्यात पुढे पांढऱ्या गळ्याची मुनिया बिनभाड्याने बिऱ्हाड थाटते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास पाहुणे येऊ लागतात. काळ्या डोक्याचा भारीट इराणकडून आणि त्याच्याही पलीकडून येतो, तर लाल डोक्याचा मध्य आशियातून. मोहोळच्या संशोधन केंद्राने नावारूपाला आणलेली मालदांडी ज्वारी पौषात हुरड्याला येते, तेव्हा त्यांचे थवेच्या थवे कणसांवर उतरतात. शेतकरी माळ्यावर उभा राहून गोफण फिरवतो. थवा उठतो आणि चार वावरे ओलांडून पुन्हा बसतो. फाल्गुनात नरांच्या अंगावर काळा-पिवळा साज चढतो आणि सारी मंडळी परत निघते. लेकी बाळंतपणाला माहेरी जातात, तसे यांचे माहेर उत्तरेला! पळसाच्या फुलांतला मध चाखून रोझफिंचही पाठोपाठ हिमालयाची वाट धरतो.

उन्हाळ्यात उरतात ती घरची माणसे: गवताचे बी टिपणाऱ्या मुनिया, आणि आकाशात चढून कोलांट्या घेणारा डोंबारी.

शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. राबायचे त्याने आणि कोवळे दाणे टिपायचे यांनी! पण जमाखर्चाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सुगरण स्वतः दाण्यावर जगली, तरी पिलांना ती अळ्या आणि किडेच भरवते. त्यांचे पोसणे पावसाळ्यातच असते. नेमके कीड माजण्याच्या दिवसांत.

आज खरी चिंता वेगळीच आहे. ज्वारीच्या बऱ्याच रानांत आता ऊस आणि सोयाबीन उभे आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, शहरांत भाकरीची महती वाढली. पण शेतातली ज्वारी तेवढ्याने परतली नाही. उसाला कणसातला दाणा कोठला? हजारो मैल उडून आलेल्या भारिटाला पंगतच उठलेली दिसली, तर त्याने कोणाच्या दारी जावे?

१९३२ साली सोलापुरात जन्मलेल्या आणि २०२५ साली तेथेच देह ठेवलेल्या मारुती चितमपल्लींनी रानातल्या माणसांकडून पाखरांची नावे गोळा करून मराठीला दिली. नावे आली, आता ओळख करून घेणे आपल्याकडे आहे. यंदा हुरडा खायला सहकुटुंब जाल, तेव्हा मुलांना कणसावर बसलेले ते पिवळे पाखरू अवश्य दाखवा. आणि घरी परतल्यावर जेवणात ज्वारीची भाकरी असू द्या. आपण भाकरी मागितली, तरच शेतकरी ज्वारी पेरील; आणि त्याने पेरली, तरच त्या पाहुण्याचे पान मांडले जाईल.