शितावरून भाताची परीक्षा

चित्रपटाची समीक्षा चित्रपट पूर्ण झाल्यावर लिहिली जाते आणि पुस्तकाचे परीक्षण ते छापून हाती आल्यावर. व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात मात्र गेली तीन दशके एक वेगळा लेखनप्रकार रुजला आहे, ज्यात अजून तयार होत असलेला गेम व्यापारी प्रदर्शनात काही मिनिटे पाहून किंवा खेळून त्याविषयीचे पहिले मत वाचकांपुढे ठेवले जाते. ‘प्रिव्ह्यू’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लेखनाच्या आधारे लाखो खेळाडू महिनोन् महिने आधी पैसे भरून आपली प्रत नोंदवतात, आणि म्हणूनच ही पहिली झलक कशी घडवली जाते व तिच्यावर कितपत विसंबावे, हा प्रश्न खेळणाऱ्या प्रत्येकाच्या खिशाशी आणि विश्वासाशी निगडित आहे.

या प्रथेचे सर्वांत मोठे व्यासपीठ म्हणजे अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे मे १९९५ मध्ये प्रथम भरलेले ‘इलेक्ट्रॉनिक एंटरटेनमेंट एक्स्पो’ अर्थात ‘ई-थ्री’ हे प्रदर्शन होते. त्यापूर्वी गेम बनवणाऱ्या कंपन्यांना दूरचित्रवाणी संच आणि ध्वनियंत्रणा यांच्या सर्वसाधारण प्रदर्शनात मिळेल त्या जागेवर समाधान मानावे लागे. ई-थ्रीमुळे या उद्योगाला स्वतःचे अंगण मिळाले. मुळात हा बाजार दुकानदारांसाठी होता, कारण नाताळच्या हंगामात कोणत्या गेमच्या किती प्रती मागवायच्या याचा अंदाज तेथे पाहिलेल्या नमुन्यांवरून बांधला जाई. पहिल्याच वर्षी सेगा कंपनीने आपल्या ‘सॅटर्न’ या कन्सोलची, म्हणजे दूरचित्रवाणीला जोडून खेळण्याच्या यंत्राची, किंमत ३९९ डॉलर जाहीर केली आणि सोनीच्या प्रतिनिधीने मंचावर येऊन ‘प्लेस्टेशन’साठी केवळ २९९ हा आकडा उच्चारला, तेव्हा या प्रदर्शनातील एका वाक्याने बाजाराची दिशा बदलू शकते हे सर्वांच्या ध्यानात आले.

प्रदर्शनात गेम तीन प्रकारे दाखवला जातो आणि या तिन्हींतील फरक लक्षात घेतल्याशिवाय कोणत्याही प्रिव्ह्यूचे मोल ठरवता येत नाही. पहिला प्रकार ट्रेलरचा, जो कित्येकदा गेममधून न घेता स्वतंत्र ॲनिमेशन म्हणून बनवलेला असतो. दुसऱ्या प्रकारात बंद खोलीत निमंत्रित पत्रकारांसमोर कंपनीचाच माणूस गेम खेळून दाखवतो, त्यामुळे कोणत्या वाटेने जायचे आणि कोणते दार उघडायचे नाही हे त्याला आधीच ठाऊक असते. तिसऱ्या प्रकारात कंट्रोलर, म्हणजे बटणे असलेले खेळण्याचे साधन, पाहणाऱ्याच्या हाती दिले जाते आणि तेथेच खऱ्या अर्थाने परीक्षा सुरू होते, कारण कळ दाबल्यावर पात्र किती चटकन हालचाल करते हे बोटांना कळते, ते पडद्यावर पाहून कळत नाही.

या झलकीमागे एक विशिष्ट कार्यपद्धती आहे, जिला उद्योगात ‘व्हर्टिकल स्लाइस’ म्हणतात. केकचा उभा काप कापला की त्यात सगळे थर दिसतात, तसा दहा-वीस मिनिटांचा एकच प्रसंग चित्र, ध्वनी, कथा आणि खेळण्याचे नियम यांसह अंतिम दर्जापर्यंत नेला जातो आणि उरलेला गेम त्या वेळी कच्चाच असतो. मराठी माणूस शितावरून भाताची परीक्षा करतो तेव्हा ते शीत त्याच पातेल्यातले, त्याच आचेवर शिजलेले असते, हे तो गृहीत धरतो. प्रदर्शनातले शीत मात्र बहुधा वेगळ्या चुलीवर, वेगळी निगा राखून शिजवलेले असते. यात नेहमीच फसवणूक असते असे नाही, कारण निर्मात्यांना स्वतःलाही आपण कोठे पोहोचणार हे पाहण्यासाठी असा काप हवा असतो. परंतु तीस जणांनी महिनाभर खपून सजवलेली दहा मिनिटे पुढच्या तीस तासांची हमी देऊ शकत नाहीत.

इतिहासात याची उदाहरणे पुष्कळ आहेत. २००५ च्या ई-थ्रीमध्ये सोनीने दाखवलेली ‘किलझोन २’ची युद्धदृश्ये पाहून नव्या प्लेस्टेशनच्या ताकदीने अनेकजण थक्क झाले, पण ती चित्रफीत प्रत्यक्ष खेळातली नव्हती आणि गेम बाजारात येण्यास २००९ साल उजाडले. २०१२ मध्ये ‘वॉच डॉग्स’च्या झलकीतील पावसाळी रस्ते आणि प्रकाशाचे खेळ यांनी मोठे कौतुक मिळवले, तर २०१४ मध्ये आलेल्या गेमची दृश्ये त्यापेक्षा फिकी असल्याची तक्रार खेळाडूंनी केली. ‘एलियन्स : कलोनियल मरीन्स’ २०१३ मध्ये आल्यावर जाहिरातींतील दृश्ये आणि विकलेला गेम यांतील तफावतीची तक्रार ब्रिटनमधील जाहिरात नियमन संस्थेपर्यंत गेली आणि ती दृश्ये डेमोतील असल्याची सूचना देणे प्रकाशकाने मान्य केले.

सर्वांत बोलके उदाहरण ‘सायबरपंक २०७७’ या पोलंडमधील गेमचे आहे. जून २०१८ मध्ये बंद खोलीत पत्रकारांना सुमारे पाऊण तास दाखवलेल्या या गेमची भरभरून स्तुती झाली, परंतु तो त्यांच्या हाती दिला गेला नव्हता आणि दाखवण्यासाठी वापरलेला संगणक सर्वसामान्य घरातील कन्सोलपेक्षा कितीतरी शक्तिशाली होता. डिसेंबर २०२० मध्ये गेम आला तेव्हा जुन्या कन्सोलवर तो इतका अडखळत चालला, की आठवडाभरातच सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि जून २०२१ मध्येच पुन्हा विक्रीस ठेवला. पत्रकारांनी जे पाहिले त्याचे वर्णन खोटे नव्हते. कोणत्या यंत्रावर, कोणाच्या हातून आणि किती भाग पाहिला, या तीन गोष्टींना त्या वर्णनात जे वजन मिळायला हवे होते ते मिळाले नाही, हा त्यातील खरा धडा आहे.

पहिले मत अचूक ठरल्याचेही उदाहरण आहे. निंटेंडोचे ‘वी’ हे यंत्र २००६ च्या ई-थ्रीमध्ये आले तेव्हा कागदावर ते प्रतिस्पर्ध्यांच्या तुलनेत दुबळे होते, तरीही हात फिरवून टेनिस खेळण्यासाठी लोक तासन् तास रांगेत उभे राहिले आणि पुढे त्याच्या १० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. तेथे मत पडद्यावरून बनले नव्हते, ते मनगटातून आले होते.

म्हणून प्रामाणिक प्रिव्ह्यू ओळखण्याची कसोटी सोपी आहे: लेखकाने गेम पाहिला की खेळला, किती मिनिटे, कोणत्या यंत्रावर, आणि कोणता भाग दाखवला गेला नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. गोंगाटाने भरलेल्या दालनात, पंधरा मिनिटांच्या ठरलेल्या वेळात आणि दिवसाला आठ-दहा गेम पाहून थकलेल्या मनाने लिहिणाऱ्याकडून अंतिम निकालाची अपेक्षा अन्यायकारक आहे, पण मर्यादा सांगण्याची अपेक्षा मुळीच अवास्तव नाही.

दरम्यान झलक दाखवण्याची रीतही बदलत गेली. मोठ्या कंपन्या स्वतःच्या ऑनलाइन कार्यक्रमांतून थेट खेळाडूंशी बोलू लागल्या, २०२० मध्ये महामारीमुळे ई-थ्री प्रदर्शन रद्द झाले आणि अखेर डिसेंबर २०२३ मध्ये ते कायमचे बंद झाल्याची घोषणा झाली. जर्मनीतील कोलोन येथे ‘गेम्सकॉम’ आणि जपानमध्ये ‘टोकियो गेम शो’ ही प्रदर्शने आजही भरतात, पण त्यांच्या जोडीला ‘स्टीम नेक्स्ट फेस्ट’सारखे उपक्रम आले आहेत, ज्यांत आगामी गेमचे डेमो कोणालाही आपल्या घरच्या संगणकावर विनामूल्य खेळता येतात. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या स्टुडिओचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये निंटेंडोच्या स्वतःच्या ऑनलाइन कार्यक्रमात दाखवला गेला आणि त्याच दिवशी विक्रीसाठी खुलाही झाला, त्यामुळे झलक आवडलेल्या माणसाला वचनावर विसंबून थांबावे लागले नाही. जे शीत चाखले त्याच पातेल्यातला भात लगेच पानात पडला, आणि खेळणाऱ्याला याहून अधिक मान देणारी पहिली ओळख दुसरी नसेल.