नक्कल अजिंठ्याची आणि सी ड्राइव्हची

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या हाताने केलेल्या मोठ्या नकलांवर आजवर तीनदा घाला पडला आहे. ईस्ट इंडिया कंपनीने 1844 साली रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला या कामावर नेमलं. अजिंठा गावात मुक्काम ठोकून त्याने जवळजवळ वीस वर्षं भल्यामोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात चित्रं उतरवली. ती लंडनजवळच्या सिडनहॅमला, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली आणि 30 डिसेंबर 1866 च्या आगीत, मांडणीत नसलेली मोजकी सोडली, तर सगळी जळाली. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन 1872 पासून तेच काम पुन्हा करू लागले. त्यांचेही कॅनव्हास लंडनलाच गेले, आणि 1885 साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यांतले 87 नष्ट झाले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जपानी चित्रकार काम्पो अराई यांनी केलेल्या प्रती टोकियोच्या विद्यापीठात होत्या. 1923 च्या कांटो भूकंपाने त्याही नेल्या.

मूळ चित्रं मात्र, पोपडे गेलेली, काळवंडलेली, पण वाघोरा नदीच्या त्या नालाकृती कड्यात अजून आहेत. गिलचं काम जळालं तेव्हा मूळ जागेवर होतं, म्हणूनच ग्रिफिथ्सना नव्याने सुरुवात करता आली. संगणकाची हार्ड डिस्क बदलताना नेमकी हीच सोय आपण आपल्या हाताने घालवतो. दुकानदार क्लोन मारून देतो, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर उतरवतो, संगणक सुरू होतो, आणि ‘जुनी फॉरमॅट मारून बाहेरच्या केसमध्ये बसवून देऊ का?’ या प्रश्नाला आपण तिथल्या तिथे हो म्हणतो.

सध्या ही कामं फार निघत आहेत. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित आधार संपला. आठ-दहा वर्षांपूर्वीचे संगणक टाकवत नाहीत, आणि त्यांत फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली की ते तरुण झाल्यासारखे वागतात. यात जादू नाही. जुन्या डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला 7200 फेरे घेतात, म्हणजे एका फेऱ्याला 8.3 मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचक-टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, त्याआधी टोक योग्य वर्तुळावर न्यायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. एका वेचणीला बारा-तेरा मिलिसेकंद धरले, तर सेकंदाला ऐंशीच्या आसपास वेचण्या होतात. संगणक सुरू होताना हजारो लहान फायली विखुरलेल्या जागांवरून उचलाव्या लागतात. मग चहा होईपर्यंत पडद्यावर गोल फिरत राहणार नाही तर काय? एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी 1980 च्या दशकात मांडलेल्या फ्लॅश स्मृतीत माहिती म्हणजे चहूबाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेल्या सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेले इलेक्ट्रॉन. कुठलाही कप्पा एक दशांश मिलिसेकंदाच्या आसपास वाचता येतो.

आता खरा प्रश्न. सी ड्राइव्हमधलं सगळं निवडलं, नव्या डिस्कवर चिकटवलं, की झालं का? नाही, आणि त्याची कारणं मजेशीर आहेत.

पहिलं म्हणजे सी ड्राइव्ह ही सगळी डिस्क नव्हे. आजच्या विंडोज संगणकात डिस्कच्या सुरुवातीला शंभर-एक मेगाबाइटचा एक छोटा विभाग असतो. तो ‘धिस पीसी’मध्ये दिसत नाही. संगणकाचं मूळ फर्मवेअर, यूईएफआय, बटण दाबल्यावर आधी तिथे जातं. विंडोज कुठल्या डिस्कच्या कुठल्या विभागात आहे याची नोंद तिथे असते, आणि ती ‘सी’ या अक्षराने नाही, तर विभागाच्या 128 बिटांच्या ओळखक्रमांकाने केलेली असते. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर हेच काम अगदी पहिल्या 512 बाइटांत उरकलेलं असे: 446 बाइटांत सुरुवातीचा प्रोग्राम, 64 बाइटांत चार विभागांचा तक्ता आणि शेवटचे दोन बाइट सही म्हणून. फायली नेल्या आणि हे नेलं नाही, तर सगळं सामान नव्या घरी हलवून पोस्टमनला पत्ता न कळवल्यासारखं होतं. सामान शाबूत, पण कुणी येत नाही.

दुसरं, चालू यंत्रणा स्वतःची नक्कल करू देत नाही. रजिस्ट्रीच्या फायली विंडोजने उघडून धरलेल्या असतात, त्या साध्या कॉपीला हाती लागत नाहीत. क्लोन करणारी सॉफ्टवेअर त्यासाठी विंडोजमधल्याच एका सोयीचा आधार घेतात. ती एका क्षणाची डिस्क गोठवून धरल्यासारखी दाखवते. पुढे काम चालू राहिलं तरी प्रत त्या क्षणाचीच निघते. त्याहून सरळ मार्ग म्हणजे पेनड्राइव्हवरून वेगळीच यंत्रणा सुरू करायची आणि दोन्ही डिस्क तिच्या हाती द्यायच्या. तैवानमध्ये तयार झालेलं क्लोनझिला हे मोफत साधन असंच चालतं. 500 जीबी माहिती सेकंदाला 100 मेगाबाइट वेगाने न्यायची, तर दीड तासाच्या आत काम होतं. जुन्या यूएसबी 2 च्या जोडणीतून तेच काम चार तासांच्या पुढे जातं. वायर कुठल्या खोबणीत लावली ते आधी पाहावं.

पण क्लोनच का? नवं विंडोज टाकावं, आपल्या फायली आणाव्या, मोकळं व्हावं. माझं मतही बहुतेकांसाठी हेच आहे. दहा वर्षांच्या संगणकाचा क्लोन म्हणजे दहा वर्षांचा कचरा, अर्धवट काढलेले प्रोग्राम आणि असलाच तर व्हायरस, सगळं इमानेइतबारे नव्या जागी. अपवाद आहेत, आणि मराठी मुलुखात ते कमी नाहीत. लग्नपत्रिका, अर्ज, ग्रामपंचायतीची कागदपत्रं करणाऱ्या डीटीपीच्या दुकानांत श्रीलिपीसारख्या फॉन्टवर युनिकोडच्या आधीच्या काळातलं वर्षानुवर्षांचं काम साठलेलं असतं. ती फाइल दुसरीकडे उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. पेजमेकरची जुनी आवृत्ती, तिच्याशी जुळलेला फॉन्ट, प्रिंटरचा आता न मिळणारा ड्रायव्हर, कुठे डोंगल, कुठे हरवलेली सीडी. हे पुन्हा उभं करता येत नाही. तिथे क्लोनच करायचा, आणि मग तो नीट करायचा.

नीट म्हणजे काय, याचा धडा अजिंठ्यात आहे. नक्कल करताना चित्रं उजळ दिसावीत म्हणून ग्रिफिथ्सच्या काळात त्यांवर व्हार्निश लावलं गेलं. ते पुढे पिवळं पडलं. नंतर 1920-22 मध्ये निजाम सरकारने इटलीहून बोलावलेल्या लोरेंझो चेकोनी आणि काउंट ओर्सिनी यांनी पोपडे पक्के केले. रंग टिकावेत म्हणून लावलेला शेलॅकही काळाबरोबर गडद होत गेला. हे थर रंगाला धक्का न लावता काढणं हे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांचं पुढच्या काळातलं मोठं काम होऊन बसलं. आज गुंफांत फ्लॅश मारू देत नाहीत. प्रत घेताना मुळाला हात लागता कामा नये, हे आपण मोठी किंमत मोजून शिकलो.

डिस्कच्या बाबतीत मुळाला हात लागतो तो घाईत. क्लोन करताना स्रोत कोणता आणि लक्ष्य कोणतं हे निवडावं लागतं, आणि पडद्यावर दोन सारख्या नावांच्या डिस्क समोर असतात. उलटं निवडलं, तर कोऱ्या डिस्कची इमानदार नक्कल भरलेल्या डिस्कवर होते. लिनक्समधल्या ‘डीडी’ या आज्ञेला जाणकार थट्टेने ‘डिस्क डिस्ट्रॉयर’ म्हणतात ते याचमुळे. ती काही विचारत नाही, सांगितलं ते करते. म्हणून डिस्क नावावरून नव्हे, क्षमता आणि अनुक्रमांक पाहून ओळखावी. आणि महत्त्वाच्या फायली, फोटो, हिशेब, क्लोन सुरू करण्याआधी तिसऱ्याच जागी उतरवून ठेवाव्यात. गुन्हे तपासाच्या प्रयोगशाळांत तर जप्त डिस्क आणि संगणक यांच्यामध्ये एक उपकरण बसवतात. ते फक्त वाचू देतं, लिहूच देत नाही.

मूळ डिस्क आजारी असेल, टकटक आवाज येत असेल, तर पद्धतही बदलते. साधं क्लोनिंग खराब जागी अडून तिथेच पुन्हापुन्हा डोकं आपटत राहतं, आणि तेवढ्यात मरणारी डिस्क मरते. डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम उलट वागतो: जे सहज वाचता येतं ते आधी भराभर उचलतो, अडचणीच्या जागांची नोंद ठेवतो आणि शेवटी त्यांच्याकडे वळतो. तरीही वाचता आलं नाही, तर ती जागा कोरीच राहते. इथे चित्राशी असलेलं साम्य संपतं. नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी अजिंठ्याची चित्रं अनेक वर्षं मंद उजेडात टिपली आणि गेलेले भाग अभ्यासाने संगणकावर भरून चित्र मुळात कसं असेल ते दाखवलं. पुसलेल्या बोटाच्या जागी बोट कसं असेल हे जाणकाराला सांगता येतं. हरवलेल्या बाइटच्या जागी काय होतं याचा तर्क करून चालणारी यंत्रणा उभी राहत नाही.

क्लोन झाला. आता जुनी डिस्क काढूनच संगणक पहिल्यांदा सुरू करायचा. कारण हुबेहूब प्रतीत डिस्कचा ओळखक्रमांकही तोच येतो. एकाच क्रमांकाच्या दोन डिस्क दिसल्या की विंडोज त्यांतली एक बंद करून ठेवतं, आणि कधी संगणक नव्या डिस्कवर चाललाय असं वाटत असताना प्रत्यक्षात जुनीवरच चाललेला असतो. नवी डिस्क मोठी असेल, तर आणखी एक गंमत दिसते: वाढीव जागा मोकळी पडलेली, पण सी ड्राइव्ह वाढत नाही, कारण मध्ये विंडोजचा दुरुस्तीचा विभाग आडवा बसलेला. तो सरकवावा लागतो. डिस्कवर विंडोजच्या बिटलॉकरचं कुलूप असेल, तर ते क्लोन करण्याआधीच थांबवायचं आणि त्याची 48 आकडी किल्ली कागदावर लिहून ठेवायची. ही किल्ली नसेल, तर दुकानदारही काही करू शकत नाही.

प्रत खरी आहे का, हे डोळ्यांनी ठरत नाही. ग्रिफिथ्सच्या प्रतीसमोर उभं राहून ती मुळाशी किती जुळते यावर दोन रसिक वाद घालू शकतात. डिस्कच्या बाबतीत वाद मिटवणारी गणिती सोय आहे. एसएचए-256 सारखी पद्धत कितीही मोठ्या फायलीतून 256 बिटांचा एक ठसा काढते. फायलीतला एक बिट बदलला तरी ठसा पार बदलतो. मुळाचा आणि प्रतीचा ठसा जुळला, की प्रत हुबेहूब. क्लोनच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘व्हेरिफाय’ असा पर्याय असतो. वेळ लागतो म्हणून लोक तो सोडतात. सोडू नये.

फर्दापूरजवळ पर्यटकांसाठी अजिंठा अभ्यागत केंद्र बांधलं गेलं. त्यात 1, 2, 16 आणि 17 या गुंफांच्या प्रतिकृती आहेत. गर्दीचा ताण मूळ गुंफांवरून कमी व्हावा, ही कल्पना चांगली होती. पुढे वीज आणि पाण्याची बिलं थकल्याने ते बंद पडल्याच्या बातम्या छापून आल्या. प्रत करायला पैसा मिळतो, सांभाळायला मिळत नाही, ही आपली जुनी खोड.

एसएसडीला तर वीज अक्षरशः लागते. कोंडलेले इलेक्ट्रॉन हळूहळू गळतात, उष्णतेत लवकर गळतात. घरगुती एसएसडीसाठी जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेचा निकष असा आहे: लिहिण्याची मर्यादा पुरती वापरून झालेल्या डिस्कने विजेविना 30 अंश तापमानाला वर्षभर माहिती धरून ठेवावी. नव्या डिस्कवर ती बराच जास्त काळ टिकते, पण मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत 30 अंश ही थंडीच म्हणायची. कपाटात वर्षानुवर्षं ठेवायच्या प्रतीसाठी एसएसडी हे चुकीचं माध्यम आहे. तिथे जुनी फिरती हार्ड डिस्कच बरी.

अजिंठ्याच्या डिजिटल चित्रांची एक प्रत आता नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, एका बंद पडलेल्या कोळसा खाणीतल्या आर्क्टिक वर्ल्ड आर्काइव्हमध्ये आहे. तिथे माहिती चुंबकावर किंवा विजेवर नव्हे, फिल्मवर छापून ठेवतात, आणि ती वाचायची कशी याच्या सूचना त्याच फिल्मवर माणसाला थेट वाचता येतील अशा लिहिलेल्या असतात. त्याच खाणीत 2020 साली प्रोग्राम साठवणाऱ्या गिटहब या संकेतस्थळाने 186 फिल्मरिळांवर 21 टेराबाइट प्रोग्राम नेऊन ठेवले. लिनक्स या यंत्रणेचा मूळ प्रोग्रामही त्यांत आहे.

आपल्याला स्वालबार्डला जायची गरज नाही. नवी डिस्क बसवून घ्या, महिनाभर रोजचं सगळं काम तिच्यावर करून पाहा: छपाई, जुन्या फायली, हिशेबाचं सॉफ्टवेअर. तोवर जुनी डिस्क फॉरमॅट करू देऊ नका, कुणी फुकट करून देत असलं तरी. आणि ती संगणकाशेजारच्या खणात नको; बहिणीच्या किंवा मित्राच्या घरी, तारीख लिहून, ठेवायला द्या.