मीठ गुळणीला, मशेरी उकिरड्याला

भाईंदर म्हटले की खाडीकाठची मिठागरे आठवतात. तिथल्यासारखे खडे मीठ वाटून, राखुंडीत मिसळून दात घासण्याची रीत खेडोपाडी जुनीच. पण अशा खरखरीत पुडीने दातांचे कवच झिजते. ते पुन्हा येत नाही. मग गार पाण्यानेही दात शिवशिवतात. मीठ कोमट पाण्यात घालून गुळण्या कराव्यात, तेवढेच त्याचे काम.

मायबहिणींनो, मशेरी तर दंतमंजन नव्हेच. ती भाजलेली तंबाखू. घासल्यावर बरे वाटते, ती तिची नशा. सवय जडते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

मऊ ब्रश घ्या, फ्लोराइडची पेस्ट लावा. ब्रश हिरडीकडे किंचित तिरका धरून २ मिनिटे हळुवार फिरवा. दाढा आणि आतली बाजू विसरू नका. सकाळी घासा, रात्री निजतानाही घासा. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून कीड तेव्हाच साधते. ३ वर्षांखालील लेकराला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे.

तोंडात चट्टा किंवा जखम २ आठवड्यांत बरी झाली नाही, तर सुगीची कामे बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा.