एक वाफा भरल्यावर

"आजोबा, परिच्छेद किती ओळींचा असतो हो?" सातवीतल्या नातीनं परवा विचारलं. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला याचं उत्तर चटकन देता यायला हवं. मला मात्र १९८८ सालचं कंधार आठवलं.

तिथं एका बँकेच्या शाखेत मी शेतीकर्जाचं काम पाहत होतो. एका शेतकऱ्यानं विहिरीवरच्या मोटारीसाठी कर्ज मागितलं. विहिरीला पाणी चांगलं, जमीन काळी, माणूस कष्टाळू. दोन हंगाम हातचे गेल्यामुळे आधीच्या पीककर्जाची बाकी राहिली होती. त्यातली निम्मी त्यानं बैल विकून फेडलीही होती. हे सगळं मी टिपणात लिहिलं, पण पानभर एकाच परिच्छेदात. आरंभ थकबाकीनं, मधेच बैल, पुन्हा थकबाकी आणि विहिरीचं पाणी अगदी तळाशी. वरून शेरा आला : 'थकबाकीदार. नामंजूर.' वाचणाऱ्याला काय बोल लावायचा? त्याच्या टेबलावर असे ढीगभर कागद असणार. पहिल्या दोन ओळींत मीच त्या माणसाला थकबाकीदार ठरवून टाकलं होतं.

सांगायला शेतावर गेलो. तो शेजाऱ्याकडून मागून घेतलेलं पाणी हरभऱ्याला देत होता. "सगळं एकदमच लिहून बसलो, चूक माझी," मी म्हणालो. तो रागावला नाही. फावड्यानं माती ओढत म्हणाला, "सायेब, एक वाफा भरल्याबिगर दुसऱ्याचं तोंड फोडत नाहीत. न्हाईतर पाणी कुठंच पुरत न्हाई."

त्या रात्री टिपण नव्यानं लिहिलं. पहिला परिच्छेद विहीर आणि पाणी, दुसरा पिकांचं उत्पन्न, तिसरा बाकी आणि ती फेडण्यासाठी विकलेले बैल. मजकूर तोच, मांडणी वेगळी. मंजुरी आली, पण तोवर रब्बी निघून गेली होती. माझ्या एका परिच्छेदापायी त्या घराचा एक हंगाम गेला. ते अजून टोचतं.

पुढं 'लीळाचरित्र' वाचताना हा वाफा पुन्हा भेटला. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांच्या अनुयायांकडून गोळा केल्या आणि मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ सिद्ध झाला. एकेक आठवण म्हणजे एकेक लीळा, तिला स्वतःचं नाव. काही लीळा तर चार-सहा वाक्यांतच संपतात. प्रसंग पुरा झाला की लेखणी थांबते. आपल्या जुन्या पोथ्यांत मजकूर सलग लिहीत. नवी ओळ, कोरी जागा ही चैन छापखान्यानंतरची. पण कुठं थांबायचं, हे मराठी गद्याला पहिल्यापासून ठाऊक होतं.

म्हणून नातीला ओळींचा आकडा सांगितला नाही. तिची वही मागितली. कंधारच्या किल्ल्याची सहल : बस, डबे, तटबंदी, खंदकात पडलेली मैत्रिणीची चप्पल, परतीची गाणी, सगळं एका दमात.

"यातलं तुला खरं काय सांगायचंय?"

"चप्पल!"

"मग तिला वेगळी जागा दे. पहिल्याच वाक्यात चप्पल पाण्यात पडू दे. नंतरचं प्रत्येक वाक्य चप्पलेबद्दलच. ती मिळाली की नाही, हे कळलं की थांब."

"आणि डबे?"

"त्यांचा वाफा पुढचा."

तिनं वही ओढली आणि खोडरबर शोधायला लागली.