‘बोलेल की हळूहळू!’

अडीच वर्षांचं मूल बोलत नाही म्हटल्यावर घरात सल्ल्यांना तोटा नसतो. त्याचे बाबाही साडेतीन वर्षांचे होईपर्यंत गप्पच होते. मुलगे जरा उशिराच बोलतात. एकटंच आहे ना घरात, बोलणार तरी कुणाशी? शाळेत घातलं की चार मुलांत आपोआप सुरू होईल. कुणी वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगतं, कुणी पोपटानं उष्टावलेला पेरू आणून देतं. जीभ खाली चिकटली आहे, ती मोकळी करून घ्या, इथपर्यंतही काहींची मजल जाते. खरं तर जिभेखालच्या त्या पडद्यामुळे फार तर एखादा उच्चार बोबडा येईल. बोलणं सुरूच न होण्याचं ते कारण नव्हे.

अडचण अशी, की ‘थांबा, बोलेल’ हा सल्ला पुष्कळदा खरा ठरतो. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे सावरतात, म्हणून तर तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. मुलगे मुलींपेक्षा किंचित मागे असतात हेही खरं, पण तो फरक आठवड्यांचा किंवा एखाद-दोन महिन्यांचा असतो, वर्षाचा नसतो. आपलं मूल सावरणाऱ्यांपैकी आहे की नाही, हे घरी बसून कळत नाही. ते कळण्यासाठीच तपासणी असते.

थांबायचं कुठपर्यंत, याच्या ढोबळ खुणा बालरोगतज्ज्ञ सांगतात. वर्षाचं मूल ‘बाबाबा, दादादा’ करत नसेल, हवं ते बोटानं दाखवत नसेल, नावानं हाक मारल्यावर वळून बघत नसेल. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल. दोन वर्षांपर्यंत ‘आई दे’, ‘बाबा गेले’ असे दोन शब्द स्वतःहून जोडत नसेल, तर दाखवायला हवं. येत असलेले शब्द कोणत्याही वयात गळून पडले, तर त्याच आठवड्यात. तीन वर्षांचं मूल ‘ती कुत्रा आली’ म्हणालं, तर मात्र काळजीचं कारण नाही. मराठीतली तिन्ही लिंगं सांभाळताना मोठ्यांचीही तारांबळ उडते. त्या वयात परक्या माणसाला त्याचं निम्म्याहून अधिक बोलणं कळतं का, हे बघायचं.

हा प्रश्न किरकोळ नाही. पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा अशा पाच ठिकाणी झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, दोन ते सहा वर्षांखालच्या मुलांपैकी ९.२ टक्के मुलांत मेंदूच्या वाढीशी निगडित एखादी तरी अडचण आढळली. त्यात ऐकणं, बोलणं, दृष्टी, अपस्मार, हालचाली, बौद्धिक वाढ आणि स्वमग्नता असं सगळं धरलं होतं. अशा मुलांपैकी साधारण पाचातल्या एकाला एकाहून अधिक अडचणी होत्या. म्हणूनच जाणते डॉक्टर फक्त ‘बोलत नाही’ एवढं बघत नाहीत.

पहिली तपासणी कानांची. इथेच पालक नाराज होतात. ‘अहो, कुकरची शिट्टी झाली की धावत येतो, ऐकू कसं येणार नाही?’ पण कुकरची शिट्टी मोठी असते. स, श, फ यांसारखे बारीक आवाज कानातून निसटत असले, तर मुलाला माणसांचं बोलणं अर्धवटच पोहोचतं. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलाच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं आणि त्याचं ऐकणं कधी बरं, कधी कमी असं हेलकावे खातं. ऐकणं तपासणारी ओएई ही चाचणी काही मिनिटांत होते. बेरा चाचणीत कपाळावर आणि कानामागे चकत्या चिकटवून, आवाज मेंदूच्या दिशेनं नीट पोहोचतो का हे नोंदवतात. बेराला मूल झोपलेलं लागतं. ‘रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा, गाडीत डुलकी लागू देऊ नका’ ही सूचना पाळताना आईवडील दोघंही मेटाकुटीला येतात. तरीही ही पायरी गाळू नये. ऐकूच येत नसलेल्या मुलाला बोलायला शिकवत बसण्यात महिने जातात.

मग येते ती स्पीच थेरपिस्टची खोली. समजा, सव्वातीन वर्षांचा एक मुलगा आईबरोबर आला आहे. खोलीत बुटकं टेबल, लाकडी ठोकळे, भातुकली, एक बाहुली, दोन गाड्या. थेरपिस्ट साबणाचे फुगे उडवतात, बाटलीचं झाकण घट्ट लावतात आणि बाटली त्याच्या हातात देऊन गप्प बसतात. आता तो काय करतो? झाकणाशी झटतो, बाटली टाकून निघून जातो, आईचा हात धरून झाकणावर ठेवतो, की बाटली पुढे करून त्यांच्या डोळ्यांत बघतो? शब्द एकही आला नाही, तरी या चार वागण्यांतून चार वेगळ्या गोष्टी कळतात. नंतर सूचना येते, ‘चेंडू डब्यात टाक आणि कप आईला दे.’ आईची नजर नकळत डब्याकडे वळते, हनुवटी हलते. थेरपिस्ट हसत त्यांना स्थिर बसायला सांगतात. मुलाला खुणांवरून समजतं की शब्दांवरून, हे थेरपिस्टना बघायचं असतं. घरी ‘त्याला सगळं कळतं’ असं वाटण्यामागे बऱ्याचदा अशा खुणा असतात. तो बाहुलीला चमच्यानं भरवतो की गाडी उलटी करून चाकच फिरवत बसतो, हेही कागदावर जातं. पालकांना वाटतं, नुसता खेळ चाललाय. पण तपासणी ती हीच.

अलीकडे या खोल्यांमध्ये वेगळंच मूल बरंच दिसतं. त्याला इंग्रजी बडबडगीतं तोंडपाठ असतात, ए टू झेड येतं, रंग आणि आकार इंग्रजीत सांगतं. पण तहान लागली तर पाणी मागता येत नाही. ‘तुला पाणी हवंय?’ विचारलं तर उत्तर येतं, ‘तुला पाणी हवंय.’ घरच्यांना ते हुशार वाटतं, आणि असेलही. मात्र पाठ म्हणणं वेगळं आणि कुणाला तरी काही सांगणं वेगळं. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, अशी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची सूचना आहे. अर्थात मोबाइल बंद केला म्हणजे तपासणी टळली, असं नाही.

आणखी एक सल्ला मराठी घरांत सर्रास ऐकू येतो: मूल गोंधळतंय, घरात एकच भाषा बोला. ती एक भाषा बहुधा शाळेची इंग्रजी असते. मग मोडक्या इंग्रजीत बोलणारी आई आणि नातवाशी बोलायचंच सोडून दिलेले आजी-आजोबा असं चित्र दिसतं. दोन भाषा कानावर पडल्यानं वाचादोष होत नाही. दोन भाषांच्या घरातल्या मुलाचे शब्द मोजायचे ते दोन्ही भाषा मिळून. ‘पाणी’ही धरायचं आणि ‘बॉल’ही. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना तर तिथला कायदाच आधार देतो: तीन वर्षांपुढच्या मुलाची तपासणी सरकारी शाळाव्यवस्थेमार्फत विनाशुल्क होते आणि ती शक्यतो मुलाच्या भाषेत व्हावी लागते.

भारतीय मुलांचं मोजमाप भारतीय मुलांवरून करावं, या कामात एक मराठी नाव आदरानं घ्यायला हवं. प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, अमेरिकेतल्या बेली यांच्या मापनपट्टीच्या आधारानं इथल्या बाळांसाठी ‘डासी’ ही पट्टी तयार केली. अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तिच्यात हालचालींचे ६७ आणि मानसिक वाढीचे १६३ टप्पे आहेत. बडोद्याच्या त्या अभ्यासातून निवडलेल्या अवघ्या १७ टप्प्यांचा तिरुवनंतपुरमचा तक्ता अंगणवाडी सेविकाही काही मिनिटांत वापरू शकते.

खर्चाच्या भीतीनं कुणी थांबत असेल, तर सरकारी वाट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून झाली. त्यानुसार वैद्यकीय पथकानं अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासायचं आणि शंका आली की जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं. तिथे बालरोगतज्ज्ञ, वाचाउपचार, मानसशास्त्रज्ञ, फिजिओथेरपी एका छताखाली असावं ही कल्पना. प्रत्यक्षात सगळी पदं भरलेली असतीलच असं नाही, म्हणून आधी फोन करून जावं. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून अली यावर जंग संस्था आहे, नायर रुग्णालयात वाचा-श्रवण विभाग आहे. ‘उम्मीद’सारखी विश्वस्त संस्था अशा मुलांसाठी २००१ पासून काम करते आहे. खासगी थेरपिस्टकडे जाताना भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक जरूर विचारावा. फलक रंगवायला पदवी लागत नाही.

तपासणीनंतर रिपोर्ट हातात येतो आणि पालक पहिल्यांदा आकडा शोधतात. तीन वर्षांचं मूल, भाषा अठरा महिन्यांची, असं वाचून पायाखालची जमीन सरकते. पण या वयातला आकडा त्या दिवसापुरता असतो. मूल पेंगुळलेलं असेल, नवख्या खोलीत बुजलं असेल. पाच वर्षांखाली ‘ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले’ (एकूण वाढीतला उशीर) असा शेरा देतात तो यासाठीच, की पक्कं निदान करायला अजून अवकाश असतो. थेरपीला मात्र त्या नावाची वाट बघावी लागत नाही. ती दुसऱ्या दिवशी सुरू करता येते, आणि तिचा मोठा भाग घरीच होतो: अंघोळीच्या वेळी ‘हात दे, पाय दे’ म्हणणं, आवडीचा खाऊ दिसेल पण हाती लागणार नाही असा ठेवणं, आणि विचारल्यावर आपणच उत्तर न देता मनात पाच आकडे मोजून थांबणं. हे शेवटचं आज्यांना सर्वांत जड जातं.

शाळेत रिपोर्ट दाखवायचा की नाही, हा प्रश्न लगेच उभा राहतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यानुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेला अशा मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा लागतो. तरीही बरेच पालक तो कागद फाईलच्या तळाशी ठेवतात, आणि या मुलाला पुढच्या बाकावर बसवून सूचना एकेक करून द्यायला हवी होती, हे बालवाडीच्या बाईंना वर्ष संपताना कळतं.