ठिपके गेले, रोग गेला?

खाऱ्या पाण्यातील शोभेचे मासे पाळणाऱ्यांकडे हमखास ऐकू येणारी एक हकिकत आहे. टाकीत नवा मासा आणून सोडला जातो. काही दिवसांनी त्याच्या परांवर व अंगावर रव्याच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसू लागतात. मासा दगडांना अंग घासतो, भराभर श्वास घेतो. मालक कोणीतरी सुचवलेले औषध टाकीत घालतो आणि चार-पाच दिवसांत ठिपके नाहीसे होतात. सगळे आनंदात असतात. पण आठ-दहा दिवसांनी टाकीतल्या सर्वच माशांवर ठिपके उमटतात, तेही आधीच्या कितीतरी पट, आणि मासे मरू लागतात. ‘पहिल्या वेळी लागू पडलेले औषध आता का चालत नाही?’ असा प्रश्न मालकाला पडतो.

खरी गोष्ट अशी, की ते औषध बहुधा पहिल्या वेळीही लागू पडलेले नव्हते. हे कसे, ते समजण्यासाठी या रोगाच्या कारणाकडे वळू.

हा रोग क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या एकपेशीय परजीवीमुळे होतो. जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ मध्ये त्याचे वर्णन केले आणि १९५१ मध्ये ब्राउन यांनी त्याला आजचे नाव दिले. शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली आपण पाहतो त्या पॅरामेशियमप्रमाणे याच्याही अंगावर बारीक केसांसारख्या पक्ष्माभिका असतात व त्यांच्या साहाय्याने तो पोहतो. गोड्या पाण्यातील माशांवरही असेच ठिपके पाडणारा एक परजीवी आहे, परंतु तो वेगळ्या गटातला. दोघांची राहणी सारखी असल्याने रोगाचे रूपही सारखे झाले आहे.

या परजीवीचे आयुष्य चार अवस्थांतून जाते. पहिली अवस्था माशाच्या अंगावरची. त्वचेच्या किंवा कल्ल्यांच्या वरच्या थराखाली शिरून तो पेशी व शरीरद्रव खात वाढतो. आपल्याला दिसणारा पांढरा ठिपका तो हाच. साधारण ३ ते ७ दिवसांत तो पुरेसा वाढतो आणि आपण होऊन मासा सोडतो. दुसऱ्या अवस्थेत तो काही तास टाकीच्या तळावर सरपटत राहतो. तिसऱ्या अवस्थेत दगडाला वा काचेला चिकटून तो स्वतःभोवती कठीण कवच तयार करतो. याला पुटी म्हणतात. पुटीच्या आत त्याचे विभाजन होत राहते आणि एकातून दोनशेपर्यंत पिल्ले तयार होतात. चौथी अवस्था या पोहणाऱ्या पिल्लांची. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. पहिल्या सहा-आठ तासांनंतरच त्यांची मासा गाठण्याची ताकद बरीच घटते.

आता सुरुवातीच्या हकिकतीकडे पाहा. ठिपके चार-पाच दिवसांत गेले, कारण परजीवीची मासा सोडण्याची वेळ झाली होती. औषध दिले नसते तरी ते गेलेच असते. त्या ‘बऱ्या’ झालेल्या दिवसांत प्रत्येक ठिपक्याची पुटी टाकीच्या तळाशी पिल्ले तयार करीत होती. दहा ठिपक्यांमधून दोन हजार पिल्ले बाहेर पडू शकतात. कल्ल्यांत शिरलेला परजीवी तर डोळ्यांना दिसतही नाही. कल्ले खराब झाले की माशाला पाण्यातला प्राणवायू पुरेसा घेता येत नाही, आणि मृत्यू बहुधा त्यानेच येतो.

समुद्रात हा रोग असूनही तिथे सहसा अशी साथ का येत नाही? परजीवी मासा सोडतो तो मुख्यतः अंधारात, आणि पिल्लेही पुटीतून अंधारातच बाहेर पडतात. रात्री मासे तळाजवळ विसावलेले असतात, तेव्हा पिल्लांना ते गाठणे सोपे जाते. तरीही अथांग पाण्यात बहुतेक पिल्लांना वेळेत मासा भेटत नाही. टाकीत मात्र माशाला जायला दुसरी जागाच नाही.

उपचार ठरवताना पहिला प्रश्न असा विचारला पाहिजे : या चारपैकी कोणत्या अवस्थेला आपण गाठू शकतो? अंगावरच्या परजीवीला माशाच्याच त्वचेचे पांघरूण असते. पुटीला कवचाचे संरक्षण असते. उघडी सापडतात ती प्रामुख्याने पोहणारी पिल्ले. शिवाय सर्व पुट्या एकाच दिवशी उकलत नाहीत. काही तीन दिवसांत उकलतात, काहींना चार आठवडे लागतात, आणि ७२ दिवसांनी उकलल्याचीही नोंद आहे. म्हणून उपचार ठिपके जाईपर्यंत करून भागत नाही.

पहिला उपाय तांब्याचा. द्राक्षबागांत वापरले जाणारे मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. पाण्यात दर लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम मुक्त तांबे राहिले तर पिल्ले मरतात. १०० लिटरच्या टाकीत २० मिलिग्रॅम तांबे हवे असेल, तर मोरचूद साधारण ७९ मिलिग्रॅम लागेल. रसायनशास्त्राच्या तासाला हे गणित जरूर करून घ्यावे, म्हणजे ‘चिमूटभर’ हे माप किती घातक आहे ते लक्षात येईल. मात्रा कमी पडली तर परजीवी वाचतो, जास्त झाली तर माशाचे कल्ले बिघडतात. प्रवाळ, कोळंबी, शंख यांना तर ही मात्राही मारक ठरते. चुनखडीचे दगड व प्रवाळाची वाळू तांबे शोषून घेतात. त्यामुळे हा उपचार नुसत्या काचेच्या वेगळ्या टाकीतच, रोज तांबे मोजून, तीन-चार आठवडे करावा लागतो.

दुसरा उपाय क्षारता कमी करण्याचा. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. हाडे असलेल्या सागरी माशांच्या रक्तात मात्र साधारण याच्या एक तृतीयांश. जादा क्षार बाहेर टाकण्यासाठी माशाला सतत शक्ती खर्च करावी लागते. पाण्याची क्षारता दोन-तीन दिवसांत हळूहळू लिटरला १५ ग्रॅमच्या आसपास आणली, तर बहुतेक मासे ती सहन करतात. परजीवीच्या पेशीत मात्र परासरणाने पाणी शिरते व पुट्या नष्ट होतात. हा क्रमही तीन आठवडे तरी चालू ठेवावा लागतो. शार्क व पाकट यांच्यासाठी आणि प्रवाळ-कोळंबीसारख्या प्राण्यांसाठी तो योग्य नाही. कमी क्षारतेला दाद न देणारे काही वाणही आढळले आहेत.

तिसरा उपाय आम्हाला सर्वांत बोधप्रद वाटतो, कारण त्यात औषधच नाही. इस्राएलमधील ऐलात येथे काम करणाऱ्या कोलोर्नी यांनी १९८७ मध्ये तो मांडला. मासे दर तीन दिवसांनी दुसऱ्या कोरड्या, स्वच्छ केलेल्या टाकीत नव्या पाण्यात हलवायचे, आणि असे चार वेळा करायचे. माशाला सोडलेला परजीवी जुन्या टाकीत पुटी होऊन राहतो. ती उकलण्यापूर्वीच मासा तिथून निघून गेलेला असतो. अंगावरचा परजीवी सात दिवसांच्या आसपास खाली उतरतोच. त्यामुळे चार बदलांत मासा मोकळा होतो.

उपचार कोणताही असो, मूळ टाकीतल्या पुट्या तशाच असतात. म्हणून ती टाकी ७२ दिवसांहून अधिक काळ माशांविना ठेवावी. प्रवाळ व कोळंबी तिथे राहू शकतात, कारण हा परजीवी त्यांच्यावर जगत नाही. आणि नवा मासा आधी चार आठवडे वेगळा ठेवला, तर यातले बरेचसे संकट टळते.

या रोगावर लसणाचा रस खाऊ घालावा असे पुष्कळजण सांगतात. त्याने ठिपके गेल्याचे ते शपथेवर सांगतील, आणि ते खोटे बोलत नसतील. पण ठिपके तर लसणाशिवायही जातात. लसणाचे श्रेय ठरवायचे, तर तसेच आजारी मासे लसूण न देता दुसऱ्या टाकीत ठेवून एक-दोन नव्हे, सहा-सात आठवडे दोन्हींची नोंद ठेवली पाहिजे.

वर्गात खाऱ्या पाण्याची टाकी नसली तरी हा धडा घेता येतो. विद्यार्थ्यांनी चौकटीच्या वहीत महिन्याच्या तारखा लिहाव्यात, परजीवीच्या चार अवस्था चार रंगांनी भराव्यात, आणि औषध कोणत्या दिवशी कोणत्या रंगावर चालते ते शोधावे. मग हिवतापाचा धडा काढावा. व्हायवॅक्स जातीच्या हिवतापात क्लोरोक्विनने ताप उतरतो, पण यकृतात लपलेला परजीवी उरतो. त्याच्यासाठी डॉक्टर प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यायला सांगतात, आणि ताप गेला म्हणून ते मध्येच सोडणारे रोगी पुन्हा आजारी पडतात. ताप उतरल्यावरही गोळ्या का घ्यायच्या, याचे उत्तर तारखांचा तो तक्ता रंगवलेला विद्यार्थी घरी जाऊन समजावून सांगू शकेल.